कामट्यांखालचं प्लास्टर

सोमवार, २१ एप्रिल २०२५. जळगाव.

आज सात प्लास्टरं कापली. पारा त्रेचाळीसवर आहे आणि या उन्हात सहा आठवडे कोंडलेला माणसाचा पाय उघडणं काय असतं ते मलाच ठाऊक. डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या एका बाईचा हात उघडला तर आतून मोड आलेले दोन मूग निघाले. एका रिक्षावाल्याने खाज सुटते म्हणून आत पेन्सिल घातली, ती आतच मोडली, आणि हे महाशय महिनाभर गप्प. जखम चिघळून पिवळी धमक. मी म्हटलं, "अहो, बोलायचं तरी!" तर दात काढून म्हणतो, "साहेब ओरडतील ना." श्शी! अठरा वर्षं या दवाखान्यात प्लास्टर घालतोय आणि कापतोय, पण त्या वासाची सवय काही होत नाही. घरी आलो की मेघा आधी अंघोळीला पिटाळते, मग चहा.

तरी घालताना मी प्रत्येकाला पाढा म्हणून दाखवतो. बोटं हलवत राहा. बोटं सुजली, निळी पडली, बधिर झाली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर असाल तसे निघून या. आवळलेलं प्लास्टर हात खाऊन टाकतं. डॉक्टर साहेब इतकं सांगत नाहीत, मी सांगतो. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन पेन्सिली घालतात.

संध्याकाळी गावाहून मायचा फोन. "आबाले म्हैसनी गव्हाणवर दाबं. पाय मोडना. तू गाडी लई ये. आन गावमा कोनले सांगू नको."

आबा म्हणजे माझे वडील. साक्रीकडच्या वीस-पंचवीस गावांत अभिमन आबा हाडवैद्य म्हटलं की लोक हात जोडतात. चाळीस वर्षं बांबूच्या कामट्या बांधतायत. प्लास्टरला ते 'चुन्याचं थडगं' म्हणतात. "पोरगा काय करतो?" असं कुणी विचारलं तर चारचौघांत सांगतात, "जळगावला गवंडी आहे." मी हसतो. काय करणार, बाप आहे.

मला बोलावलंय ते कामट्या बांधायला धरायला कुणी नाही म्हणून, दुसरं काय. पण गाडी कशाला हवी, ते कळेना.


मंगळवार, २२ एप्रिल. गाव.

गाडी कशाला ते कळलं. ऐकून डोकंच फिरलं माझं.

आबा आतल्या खोलीत खाटेवर पडलेले, पाय उशीवर. मी कोपऱ्यातल्या कामट्यांचा जुडगा उचलला तर मला जवळ बोलावून कानात म्हणतात, "त्या ऱ्हाऊ दे. जळगावले चाल. तुना साहेबले दखाड."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुढे म्हणतात, "तो चुना नको. तो नवा येस ना, हलका, पाणी लागनं तरी चालस तो, तो टाक."

म्हणजे फायबर! थडगंसुद्धा भारीतलं पाहिजे. चाळीस वर्षं लोकांच्या पोराबाळांना बांबू, आणि स्वतःच्या नळीला तडा गेला की साहेब, फोटो आणि फायबर. मी मायकडे पाहिलं. ती पदराने भांडं पुसत राहिली. गावात सांगून ठेवलंय की आबा आणि माय मुलाबरोबर एरंडोलला पद्मालयच्या गणपतीला जाणार आहेत, दोन दिवस मुक्काम. गणपतीलाही यात ओढलं.


बुधवार, २३ एप्रिल. जळगाव.

झालं एकदाचं. हाड सरकलेलं नव्हतं, सूजही बेताची. साहेबांनी मांडीपासून पावलापर्यंत घालायला सांगितलं.

आबा दवाखान्यात अगदी गरीब गाय. "साहेब, साहेब," हात जोडून. याच साहेबांना ते आमच्या ओट्यावर बसून खाटीक म्हणायचे. कागदावर धंदा लिहिला शेती. मी शेजारी उभा, मला घाम फुटलेला, आणि हा माणूस किती सराईतपणे खोटं बोलतोय ते बघतोय. शिसारी आली.

पाय मीच धुतला. शेण, माती, टाचांच्या भेगांत काळं. नखं वाढून आत वळलेली. पोटरी एवढीशी झालीय, माझ्या मुठीत मावली. याच पोटरीवर बसून मी लहानपणी झोके घेतलेत. मग कापूस गुंडाळला, त्यावर पट्टी. आबा सगळं टक लावून बघत होते. "कापूस जास्ती टाक," एवढंच म्हणाले. पाढा म्हणायला लागलो तर म्हणतात, "तू कोनले शिकाडस?"


गुरुवार, २४ एप्रिल. गाव.

लिहितानासुद्धा किळस येतेय, पण लिहितो.

साक्री सोडली, गाव तीन-चार किलोमीटर राहिलं, तशी आबांनी गाडी थांबवायला सांगितली. बाभळीखाली. मायने पिशवी काढली. आत कामट्या, हळदीने पिवळ्या केलेल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, आणि डब्यात कालवलेला लेप, मेदालकडी, उडदाचं पीठ आणि अंडं. तो डबा रात्रभर घरात आणि सकाळपासून उन्हात गाडीत. झाकण उघडलं तर मी नाकाला फडकं लावलं.

"बांध वरथीन," आबा म्हणाले.

त्या फायबरवर मी लेप थापला. त्यावर कामट्या लावल्या. त्यावर पट्ट्या गुंडाळल्या, फायबरचा पांढरा काठसुद्धा दिसू नये अशा. रस्त्यावर एक ऊसतोडीवाल्यांचा ट्रॅक्टर गेला तेव्हा माय पदर पसरून आडवी उभी राहिली. मी गुडघ्यावर बसून प्लास्टरला पट्टी बांधत होतो. अठरा वर्षांच्या नोकरीत असलं नाटक केलं नव्हतं.

गावात गाडी शिरली तशी माणसं जमली. पद्मालयाच्या पायऱ्यांवर पडलो म्हणून सांगितलं. आणि मग ओट्यावर एकच गजर, "आबानी सोताना पाय सोताच बसाडा!" एक म्हातारा तर आबांच्या पायाला हात लावून नमस्कार करून गेला. प्लास्टरला नमस्कार! आबांनी डोळे मिटून घेतले, जणू साधू.

मी लगेच परतणार होतो. पण माय म्हणाली, अक्षय्य तृतीयेची आखाजी होईपर्यंत राहा, आबांना उचलायला-बसवायला माझ्याने होत नाही. साहेबांना फोन केला, मेघाला केला. मेघा म्हणाली, "तोंड सांभाळून राहा तिथे." तिला वाटतं मी भांडेन. मी आबांशी आजवर एकदाही भांडलेलो नाही.


शनिवार, २६ एप्रिल.

आज एक गोष्ट कळली ती मला दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

आबांची जुनी रीत आहे. हाड बसवताना दुखणेकऱ्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं. बघितलं की भीतीने शिरा आखडतात, असं म्हणतात ते. आणि बरोबरच्या माणसाने दाराबाहेर थांबायचं, आत फक्त आबा आणि माय. लहानपणी मलाही बाहेर काढायचे.

आज शेजारच्या वस्तीतल्या एका पोराचं मनगट मुरगळलेलं होतं, मोडलेलं नव्हतं. मी आतच होतो. फडकं टाकलं, आबा मोठ्या आवाजात बोलत राहिले, "आते बसस दख, आते बसस," आणि बांधलं मायने! हातातल्या बांगड्या आधीच काढून उतरंडीवर ठेवलेल्या. पोरगा गेल्यावर मी मायच्या तोंडाकडे बघत राहिलो तर म्हणते, "दोन वरीस व्हयनात, मीच बांधस. तुना बापना हात कापतस."

मग मी नीट बघितलं. चहा पिताना आबांची कपबशी सारखी वाजते. मला वाटायचं वयाने असेल. म्हणजे दोन वर्षं लोक आबांच्या हाताला पाया पडतायत आणि हात मायचा. काय म्हणावं या घराला? बाहेरून कामट्या, आतून भलतंच.


रविवार, २७ एप्रिल.

आज एक मुलगी आली. दिपमाला नाव. वय असेल तेवीस-चोवीस. तिचे वडील सुपडूभाऊ, पलीकडच्या गावचे, डेअरीला दूध घालतात. पोरगी दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतेय. सकाळी डांबरी रस्त्यावर पळत होती, कुत्रं आडवं आलं, उजव्या हातावर पडली. मनगट आणि कोपर यांच्या मधली दोन्ही हाडं गेलेली. साक्रीत फोटो काढला तर डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागेल.

"पट्टी बसवली की मेडिकलला बाद करतात, भाऊ," ती मला म्हणाली. स्वच्छ बोलते, कॉलेज झालंय. "हातावर शिवलेलं दिसलं तरी विचारतात. ग्राउंड दोन महिन्यांवर आलंय. गोळा फेकायचाय." आणि आबांकडे वळून, "आबा, एकवीस दिवसांत होईल ना?"

आबा म्हणाले, "व्हई." असा राग आला!

मी म्हटलं, "सुपडूभाऊ, जळगावला या, आमच्या साहेबांना दाखवू." एवढं म्हटलं मी, हे लिहून ठेवतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं. सुपडूभाऊ हसले, म्हणाले, ज्यांनी स्वतःचा पाय स्वतः बसवला ते समोर असताना जळगाव कशाला. मग मी काय बोलणार? पट्टीखालचं प्लास्टर काढून दाखवू?

तिचा हात भरदार, गोळा फेकून कमावलेला. मायच्याने तो ओढवला नसता. आत नेलं, फडकं टाकलं. बांधून झालं. मी नुसता हात धरला होता. पोरगी ओठ दाबून पडून होती, हूं की चूं नाही. पट्ट्या ओल्या होत्या, लेपही ओला. सुती कापड सुकलं की आवळतं.

बाहेर आल्यावर आबांनी सांगितलं, "नऊ दिन सोडानं नही. दुखनं तरी सोडानं नही. दुखस म्हनजे जुडस." मी तिला बोटं हलवत राहायला सांगणार होतो. आबा खोकले. जाताना ती डाव्या हाताने माझ्या पाया पडली, हे एक विचित्रच. पाया पडायचं ते आबांच्या.


सोमवार, २८ एप्रिल.

सुपडूभाऊंचा फोन. पोर रात्रभर रडली, बोटं सुजली. "मी सोडू म्हनस, पण पोर सोडू देत नही." आबांनी फोन घेतला, हळद-दूध द्या, हात उशीवर ठेवा. पोरगी निश्चयाची आहे म्हणून कौतुकही केलं.

बांधलं की थोडी सूज येतेच. सगळ्यांना येते.


मंगळवार, २९ एप्रिल.

आज फोन नाही आला. म्हणजे बरं असणार.

मोटारसायकल काढून जाऊन यावं असं दोनदा वाटलं. पण जाऊन सांगू काय? आबांची चूक काढायला आलो? माय उद्याच्या आखाजीच्या गडबडीत. डाळ शिजतेय, आंबे पिकवायला ठेवलेल्या खोलीत गोड आंबूस वास भरलाय, त्यातच आबांच्या पायावरचा तो लेप सडतोय. अंड्याचा. मी म्हटलं, निदान लेप तरी धुऊन काढू, आत प्लास्टरच तर आहे. तर म्हणतात, लोक वासावरून ओळखतात. खरंच, लोक येतात, वास हुंगतात आणि समाधानाने मान हलवतात. एका घरात किती घाण साठवायची त्याला काही माप?


बुधवार, ३० एप्रिल. आखाजी.

सकाळी पितरांची घागर पुजली. गल्लीत निंबाला झोके, माहेरवाशिणींची गाणी. खापरावरची पुरणपोळी आणि रस. पानावर बसलो तोच सुपडूभाऊंचा फोन. आवाजात आनंद. दुखणं उतरलं म्हणे. रात्री पोर झोपली. फक्त बोटं जरा झोपल्यासारखी आहेत, टोचलं तरी तिला कळत नाही.

आबा म्हणाले, "दखा, उतरनं ना!"

मला माहीत होतं. दुखणं उतरलं आणि बोटं बधिर, याचा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं. पोळीचा घास हातात होता. आणि मी, हे लिहितोच, मी जेवलो. दोन पोळ्या खाल्ल्या. वाटीतला रस संपवला. उठलो तर सणाच्या दिवशी पानावरून का उठला, कुठे चालला, सगळे विचारतील, म्हणून बसून राहिलो. किती वेळ? वीस मिनिटं असेल.

हात धुताना माय मागे आली. हळू म्हणाली, "तूच बांधं ना रे, प्रेम्या. तूच जाय."

२७ तारखेच्या पानावर मी लिहिलंय की मी नुसता हात धरला. खोटं आहे ते. स्वतःच्या डायरीत खोटं लिहिलं, ज्या डायरीला माझ्याशिवाय कुत्रंसुद्धा हुंगत नाही. मायला जमेना म्हणून आबांनी मला पुढे केलं. मी बांधत होतो आणि आबा लेपाची बशी धरून बाजूला बसून दात ओठ खात होते, "ओढ. आजून ओढ. गवंडी शे का माणूस शे?" त्या शब्दाने माझं डोकं तापलं. म्हटलं, बघाच आता. गुडघा लावून ओढली मी पट्टी. तिच्या हातावर नाही, आबांवर ओढली. कापूस एक बोटभरही घातला नव्हता.

मोटारसायकल काढली. अर्ध्या तासात पोचलो. ओसरीत पडली होती, तोंड सुकलेलं, तरी हसली. बोटं काळीनिळी, ताठ, फुगलेली. नख दाबलं, पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. सुरी मागितली. पट्ट्या सुकून लाकडासारख्या झालेल्या. कापल्या तशी लेपाची, घामाची आणि आणखी कशाची तरी अशी दुर्गंधी सुटली की सुपडूभाऊ बाहेर जाऊन ओकले. कातडीवर फोड. कामट्यांचे खड्डे हाडापर्यंत गेल्यासारखे. मी वासाला कधीच सरावलो नाही म्हणतो, पण आज नाकाला फडकं नाही लावलं. लावायचा काय हक्क होता मला?

धुळ्याला नेलं. वाटेत तिने एकच विचारलं, "भाऊ, पट्टी बसवावी लागेल का?"


शुक्रवार, २ मे. धुळे.

सर्जनने हाताची कातडी उभी चिरून आतला दाब मोकळा केला. आतले काही स्नायू मेलेले होते, ते काढावे लागले. बाहेर येऊन माझ्यावरच कडाडले, "कोणत्या मूर्खाने बांधलं हे?"

मी म्हटलं, "गावाकडच्या हाडवैद्याने."

"त्याला नेऊन आत टाकलं पाहिजे."

"हो सर," मी म्हटलं. आणि मग ते निवळले. मी याच कामातला आहे कळल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "तुम्ही वेळेत कापलं नसतं तर कोपरापासून हात काढावा लागला असता." सुपडूभाऊंनी हे ऐकलं. तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर, माझ्यासमोर हात जोडले.

मी ते हात खाली घेतले.


रविवार, ४ मे. गाव.

सुपडूभाऊ दोन माणसं घेऊन आमच्या ओट्यावर आले. मला वाटलं आता काठ्या निघणार. मी दारामागे उभा होतो, चक्क दारामागे, चाळिशीचा माणूस. ओट्यावर गाव जमलेलं.

आबा खाटेवर बसले होते. सुपडूभाऊंनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "सुपडू, चूक मनी शे. ना पोऱ्यानी, ना बाईनी. मी बांधं. मना हात कापतस, तरी बांधं." आणि दोन्ही हात पुढे केले. सगळ्यांसमोर थरथरत होते ते. मग वाकले आणि स्वतःच्या पायाच्या पट्ट्या सोडायला लागले. बोटांना गाठ सुटेना, माय सोडू लागली. कामट्या खाली पडल्या. आतून लेपाने माखलेलं फायबर. एक जण थुंकला आणि उठून गेला. त्याच्यामागे हळूहळू सगळे गेले, आणि प्लास्टरच्या पाया पडलेला तो म्हातारा सर्वांत शेवटी.

काय हा देखावा! चाळीस वर्षांची अब्रू गेली ती गेली, वरून साधूपणा. मला न विचारता माझी चूक उचलून आपल्या खात्यावर घेतली, म्हणजे आता जन्मभर मी यांच्या उपकारात. संतापाने मी रात्री जेवलो नाही. आबांनीही जेवण केलं नाही. माय म्हणाली ते भिंतीकडे तोंड करून पडलेत. पडू देत.

हो, आणि एक. जायच्या आधी सुपडूभाऊंनी मला आतून बोलावून घेतलं, डोक्यावर टोपी ठेवली, हातात रुमाल दिला. "तुमना पोऱ्यामुळे हात ऱ्हायना, आबा," म्हणाले, "नही ते काटना पडता." मी टोपी घातली. आबा माझ्याकडे बघत होते. काय बघत होते कोण जाणे, डोळ्यांत राग मुळीच नव्हता. त्याचंच जास्त चिडायला झालं.


सोमवार, १२ मे. जळगाव.

कामावर आलो. नऊ प्लास्टरं. एका शाळामास्तरांचा पाय बांधताना त्यांनी विचारलं, "घट्ट नाही ना झालं?" मी अख्खं कापून परत घातलं. साहेब म्हणाले, काय झालंय तुम्हाला, पट्ट्या काय झाडाला लागतात? दुपारी डबा उघडला आणि बंद केला. हाताला अंड्याचा वास येतो. मेघाला हुंगायला लावलं. ती म्हणते, साबणाचा येतोय, वेड लागलंय तुम्हाला.

मायचा फोन होता. ओट्यावर आता कुणी येत नाही. आबांनी जुडग्यातल्या कामट्या चुलीत घातल्या. पाय खाजतो म्हणे, पण आत काही घालत नाहीत, "प्रेम्यानी सांगेल शे" म्हणतात.


शनिवार, १७ मे. धुळे.

सुट्टी काढून दिपमालाला बघायला गेलो. सफरचंदं नेली. जखमेवर मांडीची कातडी लावलीय. बोटं आत वळलेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट थोडं हलतं, बाकीची तीन नाहीत. बोटं आणखी वळू नयेत म्हणून तळव्याखाली टणक पट्टी दिलीय, ती नीट बसली नव्हती, काठ रुतत होता. मी सोडली, खाली कापूस घातला, परत लावली. ती माझ्या हातांकडे बघत होती. भरतीचं काही बोलली नाही. सुपडूभाऊ चहा आणायला खाली गेलेले.

मग माझ्याने राहवेना. दोन आठवडे ती टोपी कपाटात ठेवलीय आणि कपाट उघडायला नको वाटतं. म्हटलं, शिव्या दे, थुंक तोंडावर, पण हे आत कुजतंय ते बाहेर पडू दे.

"दिपमाला, त्या दिवशी आबांनी नाही बांधलं. मी बांधलं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "डोळ्यांवर तर फडकं होतं."

"आबांच्या हातातली बशी वाजत होती, भाऊ. बांधणाऱ्याचे हात जरासुद्धा कापत नव्हते. सफाईने चालत होते."

"मग घरी का नाही सांगितलंस? आबांवर का जाऊ दिलंस?"

तिने तळव्याखालची पट्टी डाव्या हाताने सरळ केली. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी पप्पा विळा घेऊन बसले होते, कापतो म्हणून. आई रडत होती. मीच कापू दिलं नाही. आबांनी बांधलं असतं ना, तर मी त्याच रात्री कापून टाकलं असतं. पण मला वाटलं, जळगावच्या दवाखान्यातल्या माणसाने बांधलंय. दुखतंय तरी बरोबरच असणार. त्यांना कळत असणार."

आणि माझ्याकडे वळून तिने खरंच विचारलं, "तुम्हाला कळत होतं ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "कळत होतं."